कंपोझिट कुंपण: फळीआधी खांबांचा विचार करा

लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांपासून बनलेली कंपोझिट फळी सहसा कुजत नाही, एवढ्यावर निर्धास्त राहू नका, कारण ती उन्हात लांबते आणि थंडीत आखडते. माझ्या पहिल्या कुंपणाच्या फळ्या मी खांबांत घट्ट बसवल्या आणि भर उन्हाळ्यात त्या धनुष्यासारख्या वाकल्या. म्हणून टोकांना उत्पादकाने सांगितलेली फट सोडा. चारही बाजूंनी संरक्षक आवरण असलेली फळीच घ्या. गडद रंग देखणा खरा, पण तो अधिक तापतो. वाऱ्याचा सारा भार शेवटी खांबांवर येतो, तेव्हा त्यांचा साधारण एक तृतीयांश भाग जमिनीत असू द्या, आणि जिथे जमीन गोठते तिथे पाया गोठणाऱ्या थराच्याही खाली न्या, नाहीतर हिवाळ्यात खांब वर उचलले जातात.