घरातल्या साध्यासुध्या गोष्टींची छायाचित्रे काढून कोणी मोठा छायाचित्रकार होऊ शकतो का?

होऊ शकतो. आपला प्रश्न वाचताच मला जपानच्या रिंको कावाउची आठवल्या. मात्र त्यांचे नाव सुट्या छायाचित्रांमुळे नव्हे, तर पुस्तकांमुळे झाले, हे आधी सांगायला हवे.

१९७२ साली शिगा प्रांतात जन्मलेल्या कावाउची यांनी कला महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन आणि छायाचित्रण यांचे शिक्षण घेतले व पुढे काही वर्षे जाहिरातींसाठी छायाचित्रे काढली. २००१ मध्ये त्यांची 'उताताने' म्हणजे डुलकी, 'हानाबी' म्हणजे आतषबाजी आणि 'हानाको' ही तीन पुस्तके एकदमच प्रसिद्ध झाली. नवख्या कलावंताच्या बाबतीत प्रकाशकाने दाखवलेले हे धाडस फळाला आले आणि पहिल्या दोन पुस्तकांसाठी त्यांना छायाचित्रणातला मानाचा किमुरा इहेई पुरस्कार मिळाला.

'उताताने' मी पहिल्यांदा चाळले तेव्हा खरे सांगायचे तर निराश झालो होतो. चमच्यात घेतलेले शिजलेल्या साबुदाण्याचे काचेसारखे दाणे, शिवणयंत्राची सुई, पाण्याबाहेर आ वासलेले मासे: यांत छायाचित्र काढण्याजोगे काय आहे, असे वाटले. दुसऱ्यांदा सावकाश पाहताना लक्षात आले, की समोरासमोरच्या दोन पानांवर काय ठेवायचे याचा निर्णय हीच येथे खरी कारागिरी आहे. कारण एका पानावरचा गोल आकार किंवा पांढुरका उजेड शेजारच्या पानावर अगदी वेगळ्या वस्तूत पुन्हा भेटतो आणि जन्म व मृत्यू एकमेकांना खेटून उभे राहतात. चौकोनी चौकट आणि किंचित जास्तच प्रकाश घेतलेले फिकट रंग यांमुळे ही सारी दृश्ये एकाच घरातली वाटतात. डिझाइनचे शिक्षण येथे कामी आले असावे, असे माझे मत आहे.

२०११ च्या 'इल्युमिनन्स'मुळे त्या जपानबाहेर सर्वदूर पोहोचल्या. त्यानंतरच्या 'आमेत्सुची'साठी मात्र त्यांनी चौकोनी चौकट सोडून मोठ्या फिल्मचा कॅमेरा घेतला आणि क्युशू बेटावरील आसो येथे दर वसंतात शेतकरी गवताळ माळ जाळतात, तो सोहळा टिपला. काहींना हे वळण भव्यतेकडे झुकलेले वाटते; मला ते तसे वाटत नाही, कारण वर्षानुवर्षे होणारे माळ जाळणे हेही तिथल्या लोकांचे नित्याचेच काम आहे.

आपल्याला घरापासूनच सुरुवात करायची असेल, तर २००५ चे 'क्वी क्वी' आधी पाहावे. स्वतःच्या कुटुंबाची तेरा वर्षे काढलेली छायाचित्रे त्यात आहेत. भावाचे लग्न होते, आजोबा जातात, घरात बाळ येते, आणि या सगळ्यांच्या मध्ये रोजची जेवणे चालूच राहतात.