करार नोटरीचा, घरमालक म्हणतो पंधरा दिवसांत जागा खाली कर

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात रेल्वे स्टेशनजवळ एक जुनं दुमजली घर पाच वर्षांसाठी भाड्याने घेऊन मी पर्यटकांसाठी स्वस्तातलं हॉस्टेल सुरू केलं. करार ५०० रुपयांच्या बॉण्डवर, नोटरी केलेला. त्याला सात महिने झाले. घरमालक काकांना विचारून मागे तीन बाथरूम बांधली, बंक बेड केले. आठ लाख घातले. हिवाळ्यात वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक आले, बेड भरू लागले, आणि आता काका म्हणतात, "करार कच्चा आहे, पंधरा दिवसांत जागा खाली कर." भाडं घेणंही बंद केलंय. लाइट-पाणी तोडीन, परदेशी पाहुण्यांची नोंद करत नाहीस म्हणून पोलिसांत देईन, अशी धमकी देतात. काय करू?

उत्तर : ताबा सोडू नका, आणि किल्ली कुणाच्या हातात देऊ नका. बाकीचं त्यानंतर.

काकांना कुणीतरी अर्धा कायदा सांगितलेला दिसतो. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवलेला नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे तो महिन्या-महिन्याचा धरला जातो आणि पंधरा दिवसांच्या नोटिशीने संपवता येतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही खरंच. आपल्याकडे पाच-पाच वर्षांचे व्यवहार लोक कोर्टाबाहेरच्या टेबलावर शिक्का मारून उरकतात आणि भांडण लागलं की मग वकील शोधतात.

पण तुमची जागा शहरात आहे, आणि इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. (३१ मार्च २००० पूर्वी मराठवाड्याला हैदराबादचा १९५४ चा कायदा होता, जुनी मंडळी अजून त्याचेच दाखले देतात.) या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. ती झाली नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे करार कच्चा राहिला याचा जाब आधी काकांनाच द्यावा लागेल. त्यांचे वकील नोंदणी कायद्याचं कलम ४९ पुढे करतील, न नोंदवलेला कागद पुराव्यात घेऊ नका म्हणतील. त्यावर वाद रंगेल. मात्र तुम्हाला बाहेर काढायला न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, आणि तोही कायद्यात दिलेल्या कारणांवरच.

आता कराराची तारीख बघा. दस्त सहीपासून चार महिन्यांत नोंदणीला सादर करायचा असतो. ती मुदत हुकली तर आणखी चार महिने मिळतात, पण तातडीची अडचण किंवा टाळता न येणारं कारण दाखवून आणि नोंदणी फीच्या दहा पटीपर्यंत दंड भरून. तुमचे सात महिने संपलेत. "मला माहीत नव्हतं" हे कारण लंगडं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही. तरीही अर्ज याच आठवड्यात द्या. ५०० च्या बॉण्डवर पाच वर्षांचा भाडेपट्टा बसत नाही, तेव्हा मुद्रांक शुल्काचा फरक दंडासह आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे भरावा लागेल. काका निबंधकांपुढे येत नसतील तर नोंदणी कायद्याच्या कलम ३६ खाली त्यांना समन्स काढता येतं. त्यांनी सही नाकारली आणि नोंदणी फेटाळली गेली, तर ३० दिवसांत जिल्हा निबंधकांकडे अर्ज करता येतो.

भाडं दर महिन्याच्या तारखेला त्यांच्या बँक खात्यात टाका. खातं देत नसतील तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती फाडू नका. भाडं नाकारून पुढे थकबाकीदार ठरवणं ही जुनी खेळी आहे. लाइट-पाणी तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची बंदी आहे. तोडलंच तर न्यायालय ते जोडून द्यायला लावतं. ताब्याला हरकत करू नये म्हणून मनाई हुकमाचा दावा तयार ठेवा आणि काकांना एकतर्फी आदेश मिळू नये म्हणून कॅव्हेट (आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज) आधी दाखल करा. ते ९० दिवस टिकतं.

पोलिसांची धमकी मात्र पोकळ नाही. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन कळवावी लागते, ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू आहे, त्यातही हे बंधन कायम आहे. वहीत नाव लिहिणं पुरत नाही. आजच पोर्टलवर हॉस्टेलची नोंद करा आणि मागच्या पाहुण्यांची माहिती पासपोर्ट-व्हिसाच्या प्रतींसह पोलीस आयुक्तालयातल्या परकीय नागरिक शाखेत स्वतःहून द्या. मागच्या तारखा घालून कागद रंगवू नका. उशीर समजावता येतो, बनावट नाही. अग्निशमन दलाचा दाखला, नाश्ता देत असाल तर अन्न परवाना आणि दुकाने कायद्याखालची सूचना (कामगार थोडेच असतील तर सूचना पुरते) हेही दावा लावण्याआधी उरका.

तुमची खरी दुखरी जागा ती तीन बाथरूम. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ते जागा खाली करून घ्यायचं कारण ठरतं. बेड आणि गीझर तुमचे, जाताना नेता येतील. फरशी आणि भिंती नाहीत. तोंडी परवानगीवर मी भिस्त ठेवणार नाही. काकांशी झालेले व्हॉट्सअॅप संदेश शोधा. 'बाथरूम करून घे' एवढं एक वाक्य सापडलं तरी इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून ती लेखी संमती होती असं मांडता येईल. न्यायालयात त्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा दावा संपेपर्यंत तो फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.