स्कायरिममध्ये लूटने लोड ऑर्डर लावली, तरी गेम लोगोवरच बंद पडतो. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की स्कायरिम स्पेशल एडिशनवर साठेक मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले फेरफार, टाकलेत, ते सांभाळायला मॉड ऑर्गनायझर २ वापरताय, लूट या साधनाकडून प्लगिन्सचा (मॉडचे बदल ज्यांत लिहिलेले असतात त्या फाइलींचा) क्रम, म्हणजे लोड ऑर्डर, लावून घेतलाय, तरी गेम लोगो दाखवतो आणि सरळ डेस्कटॉपवर परत येतो. मध्ये एकदा चालला, तेव्हा लिडिया या सोबतिणीचा चेहरा काळाठिक्कर दिसत होता आणि लोखंडी तलवारीचं डॅमेज वाढवणारा मॉड चालू असूनही डॅमेज मूळचंच होतं. या सगळ्यावर उपाय म्हणून तुम्ही प्लगिन्स खालीवर करत बसलाय.

ते आधी थांबवा. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींची मुळं वेगळ्या ठिकाणी आहेत. त्यातली जी तुमचा सगळ्यात जास्त वेळ खातेय, म्हणजे लोगोवरचा क्रॅश, तिचा लोड ऑर्डरशी बहुतेक वेळा संबंधच नसतो. मॉडिंगमध्ये काहीही बिघडलं की ‘लोड ऑर्डर बघ’ असं सांगायची सवय पडून गेली आहे, आणि त्यापायी नवीन माणसं आठवडेच्या आठवडे चुकीच्या जागी शोधत राहतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कुठे बघायचं ते कळलं तर यातलं बरंचसं काम एका संध्याकाळचं असतं.

गेम नेमका कधी मरतो, हे पहिलं बघा. मुख्य मेनू येण्याआधीच मेला, तर संशय आधी दोन गोष्टींवर घ्यायचा: एखाद्या प्लगिनचा मास्टर गायब आहे, किंवा स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (एसकेएसई, मॉडना जास्तीच्या क्षमता देणारं साधन) चालणारी एखादी डीएलएल, म्हणजे कोडची फाइल, तुमच्या गेमच्या आवृत्तीची नाही.

मास्टरचं आधी बघू. प्रत्येक प्लगिनच्या आत, ते कोणत्या फाइलींवर उभं आहे, याची, म्हणजे मास्टरची, यादी असते. त्यातली एक जरी चालू नसेल, तरी गेम कुठलाही संदेश न देता बंद होतो. मॉड ऑर्गनायझरच्या उजव्या यादीत अशा प्लगिनपुढे इशाऱ्याची खूण येते. तिच्यावर माउस नेला की कोणता मास्टर हवाय त्याचं नाव दिसतं. नेहमी सापडणारा प्रकार म्हणजे पॅच. दोन मॉड जुळवणारा पॅच आपण उत्साहाने टाकतो आणि त्या दोनातला एक मॉड आपल्याकडे नसतोच. दुसरा प्रकार अनऑफिशियल पॅचचा, म्हणजे मूळ गेममधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या मॉडचा. त्याच्या नव्या आवृत्त्यांना फिशिंग, सर्व्हायव्हल मोड, रेअर क्युरिओज आणि सेंट्स अँड सेड्यूसर्स हे चार मोफत क्रिएशन्स, म्हणजे गेमचे अधिकृत छोटे विस्तार, मास्टर म्हणून लागतात. गेम नव्याने इन्स्टॉल करताना ते उतरवायचे राहिले, तर अनऑफिशियल पॅच अडतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेलं सगळंच अडतं.

आता आवृत्तीचं. स्पेशल एडिशन २०१६ मध्ये आली, पण त्या एका नावाखाली आज कितीतरी वेगवेगळे गेम लोकांच्या डिस्कवर आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अॅनिव्हर्सरी एडिशनसोबत गेमची मूळ एक्झी, म्हणजे गेम चालवणारी फाइल, बदलली. त्याआधीची शेवटची १.५.९७, आणि ती अनेकांनी मुद्दाम जपून ठेवली आहे. पुढे १.६.६४० आली, डिसेंबर २०२३ मध्ये १.६.११३० आणि मग १.६.११७०. स्क्रिप्ट एक्स्टेंडर या प्रत्येकासाठी वेगळा लागतो, आणि स्टीमऐवजी जीओजी या दुकानावरून घेतलेल्या गेमसाठी आणखी वेगळा. गेमच्या एक्झीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आपला आकडा बघा आणि कागदावर लिहून ठेवा. मग प्रत्येक डीएलएल असलेल्या मॉडचं वर्णन त्या आकड्याशी ताडून बघा. असे बरेचसे मॉड अॅड्रेस लायब्ररी या सहायक मॉडच्या आधाराने चालतात. तिच्याही दोन वेगळ्या फाइली आहेत, एक १.५ साठी आणि एक १.६ साठी, आणि घाईत चुकीची उतरवली जाणं अगदी सहज होतं.

गेम १.५.९७ किंवा १.६.६४० वर ठेवला असेल तर आणखी एक गोष्ट बघा. १.६.११३० पासून प्रत्येक हलक्या प्लगिनमध्ये, म्हणजे ईएसएलमध्ये, मावणाऱ्या नोंदींची मर्यादा वाढली आणि त्यासाठी प्लगिनच्या हेडरचा आकडा १.७१ झाला. असं प्लगिन जुन्या गेमला नीट वाचता येत नाही. त्यासाठी बीईईएस नावाचा छोटा मॉड आहे, तो टाकून ठेवा.

स्क्रिप्ट एक्स्टेंडरचा लोडर गेमच्या मूळ फोल्डरमध्ये, एक्झीच्या शेजारी लागतो, डेटा फोल्डरमध्ये नाही. आणि गेम त्या लोडरवरूनच, तोही मॉड ऑर्गनायझरमधून सुरू करायचा. स्टीमच्या बटणावरून सुरू केलात तर मॉड ऑर्गनायझरने मांडलेल्या फाइली गेमला दिसणारच नाहीत. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘गेम सुरू करतानाच अपडेट कर’ हा पर्याय निवडून ठेवा, नाहीतर एके दिवशी एक्झी आपोआप बदलेल आणि कालपर्यंत चाललेला सेटअप लोगोवर मरायला लागेल. स्टीमची लायब्ररी प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर ती बाहेर हलवा. विंडोज तिथल्या फाइलींना हात लावू देताना फार कुरकुर करतं.

इतकं करूनही लोगोवरच अडलं तर क्रॅश लॉगर टाका. तो डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरमध्ये, स्कायरिमच्या एसकेएसई फोल्डरात, प्रत्येक क्रॅशची एक मजकूर फाइल लिहितो. अगदी वर दिसणाऱ्या पहिल्या डीएलएलला लगेच दोषी धरू नका. ती अनेकदा फक्त क्रॅशच्या वेळी हजर असते. खाली उतरत जा आणि कोणत्या मॉडच्या फाइलीचं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते बघा.

आता लिडिया. हा बिघाड समजून घेण्यासारखा आहे, कारण मॉड ऑर्गनायझरमध्ये दोन याद्या का असतात ते यातून नीट कळतं.

डावीकडची यादी मॉडची. ती ठरवते की दोन मॉडनी एकाच नावाची फाइल आणली, तर कोणाची वापरायची. उजवीकडची यादी प्लगिन्सची. ती ठरवते की दोन प्लगिन्सनी गेममधलं एकच रेकॉर्ड, म्हणजे एखाद्या पात्राची वा वस्तूची नोंद, बदललं, तर कोणाचं चालायचं. दोन्हीकडे खालचा जिंकतो, पण एकीकडचा निकाल दुसरीकडे लागू होत नाही. लोड ऑर्डर म्हणतात ती फक्त उजवीकडची.

लिडियाचा चेहरा या दोन्हींमध्ये विभागलेला आहे. तिचे केस, नाक, डोळे, त्वचेचा रंग, हे सगळं कोणतं घ्यायचं ते प्लगिनमधल्या तिच्या रेकॉर्डमध्ये लिहिलेलं असतं. प्रत्यक्ष डोक्याचा आकार आणि वरचा रंग मात्र फेसजेनच्या फोल्डरमधल्या दोन तयार फाइलींत असतो, आणि त्या फाइलींचं नाव म्हणजे लिडियाचा आयडी: ०००ए२सी८ई. गेम दोन्ही बाजू जुळवून बघतो. जुळल्या नाहीत तर डोक्याचा रंग बिघडतो आणि गोऱ्या अंगावर कोळशासारखा चेहरा दिसतो.

तुमच्याकडे काय झालं असणार ते सांगतो. चेहरे सुंदर करणाऱ्या मॉडने स्वतःच्या फेसजेन फाइली आणल्या आणि त्या डावीकडे जिंकल्या. पण उजवीकडे त्याच्या प्लगिनच्या खाली दुसरं कुठलंतरी प्लगिन आहे, ज्याने लिडियाच्या रेकॉर्डला हात लावलाय. त्याला तिच्या रूपाशी काही घेणंदेणंही नसेल, तिचं लढण्याचं कौशल्य वाढवायचं असेल एवढंच. पण त्याच्या रेकॉर्डमध्ये जुना चेहरा तसाच लिहिलेला आहे, आणि ते खाली असल्यामुळे तेच चाललं. रेकॉर्ड जुन्या चेहऱ्याचं, फाइल नव्या चेहऱ्याची.

साधा उपाय म्हणजे चेहऱ्याच्या मॉडचं प्लगिन उजवीकडे त्या दुसऱ्याच्या खाली न्या. चेहरे बदलणारे दोन मॉड असतील तर जो डावीकडे खाली तोच उजवीकडेही खाली हवा. डावीकडे मॉडच्या नावापुढे विजेची खूण दिसते. हिरवी अधिकची असेल तर तो मॉड दुसऱ्याच्या फाइली झाकतोय, लाल उण्याची असेल तर त्याच्या झाकल्या जातायत. नावावर डबल क्लिक करून कॉन्फ्लिक्ट्सच्या टॅबमध्ये फाइलीचं पूर्ण नाव वाचता येतं. तिथे लिडियाचा आयडी शोधा. आणि हे लक्षात असू द्या की सुट्ट्या फाइली बीएसए या गठ्ठ्यातल्या फाइलींवर नेहमी मात करतात. एका मॉडचे चेहरे गठ्ठ्यात आणि दुसऱ्याचे सुटे असतील, तर पहिल्याचं प्लगिन कितीही खाली नेलंत तरी चेहरा दुसऱ्याचाच येणार. तिथे दुसऱ्या मॉडमधल्या त्या दोन फाइली लपवाव्या लागतात. त्याच टॅबमध्ये राइट क्लिकवर ती सोय आहे.

जांभळा पोत दिसला तर टेक्स्चरची (पृष्ठभागाच्या चित्राची) फाइल नाही, लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसलं तर मेशची (आकाराची) नाही. त्याला मॉड पुन्हा नीट इन्स्टॉल करणं एवढंच औषध. माणसं हात पसरून गोठल्यासारखी उभी राहिली तर अॅनिमेशनचं साधन, म्हणजे नेमेसिस किंवा पँडोरा, जे वापरता ते पुन्हा चालवा.

तलवारीचं प्रकरण मात्र खरोखरच लोड ऑर्डरचं आहे. आणि गंमत म्हणजे क्रम कसाही लावलात तरी ते पूर्णपणे सुटणार नाही.

मूळ गेममधली लोखंडी तलवार बघा: डॅमेज ७, वजन ९, किंमत २५. समजा तुमच्या एका मॉडने डॅमेज १० केलं आणि बाकी काही बदललं नाही. दुसऱ्या मॉडने वजन ५ केलं आणि बाकी काही बदललं नाही. आपली अपेक्षा अशी की डॅमेज १० आणि वजन ५ मिळावं. पण गेम बदल जोडत नाही, सगळ्यात शेवटच्या प्लगिनचं रेकॉर्ड अख्खं उचलतो. वजनाचं प्लगिन खाली असेल तर वजन ५ आणि डॅमेज परत ७. उलट केलंत तर डॅमेज १० आणि वजन परत ९. दोन्ही हवं असेल तर तिसरं प्लगिन लागतं, ज्यात दोन्ही आकडे एका रेकॉर्डमध्ये लिहिलेत. पॅच म्हणतात तो हाच.

तो स्वतः करणं वाटतं तितकं अवघड नाही. मॉड ऑर्गनायझरमधूनच एसएसईएडिट हे प्लगिन्स उघडून बदलायचं साधन सुरू करा, सगळी प्लगिन्स उघडू द्या, वरच्या आयडीच्या चौकटीत ०००१२ईबी७ टाकून एंटर दाबा. लोखंडी तलवार समोर येईल. प्रत्येक प्लगिनचा एक उभा स्तंभ दिसेल, लोड ऑर्डरप्रमाणे डावीकडून उजवीकडे, आणि सगळ्यात उजवीकडचा स्तंभ म्हणजे गेममध्ये जे दिसणार ते. डॅमेजच्या ओळीत तुमचा १० मधल्या स्तंभात असेल आणि उजव्या टोकाला ७ असेल. शेवटच्या रेकॉर्डवर राइट क्लिक करून ते ओव्हरराइड म्हणून एका नव्या प्लगिनमध्ये कॉपी करा, तिथे १० ओढून आणा, सेव्ह करा, आणि ते प्लगिन यादीच्या तळाशी ठेवा. हा पडदा एकदा डोळ्यांनी पाहिला की लोड ऑर्डर या विषयाची भीती बरीच कमी होते. लिडियाचा चेहरा आणि तिचं लढण्याचं कौशल्य, दोन्ही हवं असेल तर तिच्या रेकॉर्डवरही हेच करायचं. चेहऱ्याच्या मॉडचं प्लगिन नुसतं खाली नेलंत, तर त्या दुसऱ्या मॉडने तिच्यात केलेली सुधारणा जाते.

मग लूट काय करतं? ते स्वयंसेवकांनी जपलेल्या यादीच्या आधारे समजूतदार क्रम लावतं आणि मास्टर त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्लगिनच्या आधी येईल असं बघतं. त्याचे इशारेही मोलाचे असतात. लोक क्रम लावून खिडकी बंद करतात आणि इशारे वाचतच नाहीत. पण तुम्हाला तलवार जड हवी की हलकी, हे लूटला कसं कळणार? क्रम लावल्यावर पुढचा निर्णय तुमचा.

प्लगिन्सच्या मर्यादेची धास्ती साठ मॉडवर धरू नका. पूर्ण प्लगिन्स मूळ गेम धरून २५४ चालतात, आणि हलकी ४०९६ पर्यंत, तीही सगळी मिळून एकाच पूर्ण प्लगिनच्या जागेत.

आता दुरुस्तीचा क्रम. सगळे मॉड बंद करा आणि फक्त स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर गेम चालतो का बघा. चालला तर निम्मे मॉड चालू करा, मास्टरच्या जोड्या न तोडता. मेला तर दोष त्या निम्म्यात, त्याचे पुन्हा निम्मे. साठ मॉडना पाच-सहा फेऱ्यांत उत्तर मिळतं. एकेक मॉड चालू-बंद करत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. प्रत्येक वेळी नवीन गेम सुरू करून घोडागाडीचा प्रवास बघायची गरज नाही. मुख्य मेनूवरच कन्सोल, म्हणजे आज्ञा लिहायची चौकट, उघडून रोमन अक्षरांत सीओसी आणि पुढे रिव्हरवुड लिहिलंत की थेट गावात उतरता येतं.

आणि त्या एकदा चाललेल्या गेमचं सेव्ह तुम्ही ठेवलं असेल, तर दुरुस्ती झाल्यावर ते पुढे खेळू नका. मधल्या काळात तुम्ही मॉड काढले-घातलेत, आणि स्क्रिप्ट असलेला मॉड काढला तरी त्याच्या चालू स्क्रिप्ट सेव्हमध्ये राहून जातात. त्याचा त्रास आज दिसत नाही, वीस-तीस तास खेळून झाल्यावर दिसतो आणि तेव्हा काहीच हातात राहत नाही. यादी पक्की झाली की नवीन पात्र काढा आणि त्यानंतर त्या यादीतून स्क्रिप्टचा एकही मॉड काढू नका. नवा टेक्स्चरचा मॉड टाकायला मात्र मधेही हरकत नाही.