ताप बायांनाच का?

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. पोळा झाल्यावर आधी सासूबाईंना अन् मग जाऊबाईंना जोराचा ताप आला. नागपूरला नेलं, तेव्हा स्क्रब टायफस निघाला. दोघी आता बऱ्या आहेत. पण माझे मिस्टर अन् भासरे त्याच वावरात राबतात, त्यांना काहीच झालं नाही. घरात म्हणतात, बायांचं रक्तच कमजोर असते. खरं आहे काय? अन् हा एकीपासून दुसरीला लागतो काय?

उत्तर : नाही ताई. रक्ताचा इथे काही संबंध नाही, आणि घरात परत कोणी असं म्हटलं तर हे उत्तर वाचून दाखवा.

माइट नावाच्या सूक्ष्म किड्याच्या पिल्लाला चिगर म्हणतात. ते उंदीर-घुशींच्या अंगावर पोसतं, गवतात जमिनीलगत बसून राहतं आणि माणसाचं अंग टेकलं की वर चढतं. त्याच्या चाव्यातून स्क्रब टायफसचा जंतू अंगात शिरतो. माणसाकडून माणसाला हा ताप लागत नाही. दोघींनाही तो गवतातूनच आला.

आता तुमच्या वावरातली कामं आठवा. डवरणी पुरुष करतात, बैलांमागे उभ्याने. फवारणीही उभ्यानेच. निंदण मात्र बायांकडे : उकिडवं बसून, खुरपं घेऊन तासातून सरकत जायचं, लुगडं वर खोचलेलं, पोटऱ्या उघड्या. धुऱ्यावरचं गवत कापायला त्याच, शिदोरी सोडायची तीही धुऱ्यावरच, आणि आडोशाला जायचं तेही गवतातच. संध्याकाळी घरी आल्यावर पुरुष आधी आंघोळ करतो. बाई त्याच कपड्यांत चुलीपुढे बसते. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हजारो सैनिकांना हाच ताप आला होता, ते तर सगळे धट्टेकट्टे पुरुष. जो गवतात बसतो-झोपतो, त्याला तो गाठतो.

मला जास्त काळजी वाटते ती पुढची. चिगर चावतो तिथे बऱ्याच जणांना काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तशी. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून बाईला स्वतःलाही कळत नाही. बायांमध्ये ती अनेकदा स्तनाखाली, जांघेत किंवा परकराची नाडी बांधतो त्या जागी असते. घामाच्या घडीत तर खपलीही धरत नाही, नुसती ओली जखम दिसते. बाई दाखवायला लाजते, तपासणारा विचारायला संकोचतो, आणि टायफॉइड समजून सलाईन चढत राहतं. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाने माणसं दगावली. उशीर झाला की फुप्फुस, किडनी, मेंदूपर्यंत जातं. वेळेत ओळखलं तर डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त गोळीने बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. गरोदर बाईला डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन देतात. मेडिकलमधून मनाने काही घेऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं यावर चालत नाहीत.

लस अजून नाही, म्हणून सांभाळणं आपल्याच हाती. कापूस वेचताना लुगड्यावर मालकाचं जुनं शर्ट घालता ना, तसं निंदणाला आतून सलवार किंवा पँट घाला आणि तिचे पाय मोज्यांत खोचा. जेवायला ताडपत्री अंथरा. धुतलेले कपडे झुडपावर, गवतावर वाळत टाकू नका. घरी आल्यावर साबण लावून आंघोळ आधी, स्वयंपाक मग. हे शेवटचं तुमच्या मिस्टरांनाही वाचायला द्या. पाणी त्यांनी तापवून ठेवलं तरच ते जमणार आहे.

चावल्यापासून ताप यायला साधारण दहा दिवस लागतात, कधी तीन आठवडेही. म्हणून दिवाळीपर्यंत घरात कुणालाही ताप, डोकेदुखी, अंगदुखी झाली, तर दवाखान्यात ‘निंदणाला जात होते’ हे आधी सांगा. नर्सताईंना पडद्याआड सगळं अंग बघायला लावा, घड्यांसकट.