ताशा वाजवून कानात शिट्टी
प्रश्न : पुण्यात ढोल पथकात ताशा वाजवतो. विसर्जनानंतर दोन-दोन दिवस कानात शिट्टी वाजते, कापूस घालतो तरी. सगळे म्हणतात होतं रे असं, जातं आपोआप. खरंय का?

उत्तर : शिट्टी जाते हो, पण आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत आणि कापसाने आवाज फारसा अडत नाही. 85 डेसिबलला 8 तास ठीक, मग दर 3 डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे 100 ला जेमतेम 15 मिनिटं, आणि ताशाची काडी तर कानाजवळच कडाडते! म्युझिशियन इअरप्लग (वादकांसाठीचे, आवाज सारखाच कमी करणारे कानातले बूच) घ्या, ठेका नीट ऐकू येतो. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, तिच्या आलेखात 4000 हर्ट्झच्या (उंच पट्टीच्या आवाजाच्या) आसपास खड्डा, म्हणजे तिथे कमी ऐकू येतं असं दिसलं तर ईएनटीला दाखवा. शिट्टीसोबत अचानक ऐकूच कमी आलं तर त्याच दिवशी जा, थांबू नका.