‘साउंड माइंड’मधल्या ‘साउंड’चा आवाजाशी काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की मृत्युपत्रात ‘साउंड माइंड’ लिहितात, त्यातल्या ‘साउंड’चा अर्थ काय आणि तो आवाजातूनच आला का.

नाही. आवाज या अर्थाचा ‘साउंड’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. हा दुसरा ‘साउंड’ जुन्या इंग्रजीतला, जर्मन ‘गेझुंट’च्या कुळातला, ‘गेझुंट’ म्हणजे निरोगी. पुढं दोघांचं स्पेलिंग एक झालं, एवढंच. अर्थ: धडधाकट, कुठं तडा-कीड नसलेला, म्हणून भरवशाचा.

आपला घोळ होणं साहजिक आहे, कारण मराठीत तब्येत खरोखरच आवाजावरून सांगतात: खणखणीत, ठणठणीत. सोलापुरात उन्हाळा लागला की माठ घेताना बायका आधी टिचकी मारतात. खण्ण वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठंतरी बारीक तडा आहे, ठेवा परत.

मृत्युपत्राचं मात्र नीट समजून घ्या. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 59 नुसार सज्ञान आणि ‘साउंड माइंड’ असलेल्या कुणालाही मृत्युपत्र करता येतं. इथं शरीराचा प्रश्नच नाही. आजोबा अंथरुणाला खिळलेत, दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी आपण काय करतोय हे त्यांना कळत असेल तर चालतं. बघायचं ते मृत्युपत्र करतानाचं भान. अधूनमधून भान हरपणारा माणूससुद्धा शुद्धीवर असताना ते करू शकतो. म्हातारं माणूस आजारी आहे एवढ्यावरून त्याची बुद्धी गेली असं घरच्यांनी धरून चालू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

आपल्याकडे स्थळ बघताना ‘पार्टी साउंड आहे’ म्हणतात, म्हणजे पैसेवाली. इंग्रजीत ‘फायनान्शियली साउंड’चा रोख श्रीमंतीपेक्षा व्यवहार धड असण्यावर असतो. मोठा बंगला, पण कर्जात बुडालेला, तर तो साउंड नव्हे.

तर्कशास्त्रात अर्थ आणखी काटेकोर. समजा कुणी असं मांडलं: महाराष्ट्रातली सगळी शहरं समुद्रकाठी आहेत. सोलापूर महाराष्ट्रात आहे. म्हणून सोलापूर समुद्रकाठी आहे. ही मांडणी ‘व्हॅलिड’ आहे, म्हणजे आधीची विधानं मानली तर निष्कर्ष बरोबर निघतो, पण ‘साउंड’ नाही, कारण पहिलं विधानच खोटं. मांडणी बरोबर आणि विधानंही खरी, तरच साउंड.

बाकी ‘साउंड स्लीप’ म्हणजे गाढ झोप, ‘साउंड ॲडव्हाइस’ म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला. उलट अर्थ हवा तर ‘अनसाउंड’.