वाचकांचे प्रश्न : एलडीएल बरं, मग बाकीचं लाल का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी ४४ वर्षांचा, कराड तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये शिक्षक आहे. माळकरी असल्यामुळे मांसाहार नाही, कसलं व्यसनही नाही. माझे वडील ४९व्या वर्षी, उसाला पाणी पाजताना छातीत कळ येऊन गेले. गेल्या महिन्यात शाळेत तपासणी शिबिर होतं. दाढ ठणकत होती, तरी ‘हार्ट पॅकेज’साठी रक्त दिलं. रिपोर्ट असा : एकूण कोलेस्टेरॉल १९७, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १२१, अपोबी ११८, लायपोप्रोटीन-ए ८८, एचएस-सीआरपी ७.४, होमोसिस्टीन २६, एचबीए-वन-सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.९. शिबिरातले म्हणाले, एलडीएल बरं आहे, काळजी नको. पण बाकी बरंच लाल शाईत आहे. रात्र रात्र झोप लागत नाही. मुलगी यंदा दहावीला आहे. मला झटका येणार का?

उत्तर : सर, येणार की नाही हे कुठलीच रक्ततपासणी सांगू शकत नाही. धोका इतरांपेक्षा जास्त आहे का आणि तो कुठून येतोय, एवढं कळतं. तुमच्या बाबतीत ते बऱ्यापैकी स्पष्ट कळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट रिपोर्टवर नाहीच : दाढ ठणकत होती. सीआरपी हे प्रथिन शरीरात कुठेही दाह झाला की यकृतातून भराभर तयार होतं. १९३० साली ते पहिल्यांदा सापडलं तेसुद्धा न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. एचएस-सीआरपी, म्हणजे तेच प्रथिन बारकाईनं मोजलेलं, १च्या आत असलं तर उत्तम आणि ३च्या वर गेलं तर धोका जास्त, हे खरं. पण अंगात बाकी सगळं शांत असेल तेव्हाच. सुजलेल्या हिरडीसकट दिलेल्या रक्ताचा ७.४ हा आकडा बहुधा दाढेचा आहे, हृदयाचा नाही. आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा, तीन आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा तपासा. रक्त घेणाऱ्यानं ‘ताप, सर्दी, दाढ काही आहे का?’ एवढं विचारलं असतं, तर तुमची निम्मी झोप वाचली असती. मला याचं फार वाईट वाटतं.

होमोसिस्टीन हे रक्तातलं एक अमिनो आम्ल. ते वाढण्याचं कारण बहुतेक बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. शाकाहारी माणसांत ती नेहमी सापडते. बी-१२ तपासून कमी असेल तर जरूर घ्या, नसांसाठी आणि रक्तासाठी. हृदय वाचेल म्हणून नको. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन उतरलं, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत.

आता त्या ‘बऱ्या’ एलडीएलकडे येऊ. बहुतेक ठिकाणी ते मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात. १९७मधून एचडीएलचे ३४ वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा म्हणजे ४२ वजा, उरले १२१. तुम्ही फक्त ३४ वजा करून बघा. १६३ येतात. याला नॉन-एचडीएल म्हणतात. तो आकडा १३०च्या आत हवा आणि त्याला एक पैसाही जास्त लागत नाही.

अपोबी काय, हे तुम्हाला उसाच्या भाषेत सांगते. कारखान्याच्या काट्यावर किती टन ऊस उतरला, ते एलडीएल. पण रस्ता तुंबतो तो गाड्यांच्या संख्येनं. तेवढाच ऊस ट्रॉल्यांनी आला तर वाहनं कमी, बैलगाड्यांनी आला तर रांग गावाबाहेर. कोलेस्टेरॉल वाहून धमनीच्या भिंतीत शिरणाऱ्या प्रत्येक कणावर अपोबीचा एकच रेणू असतो, म्हणून अपोबी मोजणं म्हणजे गाड्या मोजणं. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि साखर उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी) अशा माणसात बैलगाड्याच जास्त असतात. आपल्याकडे हा नमुना घरोघरी आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षं लवकर आलेला दिसला. तुमचं अपोबी मला ८०च्या खाली हवं.

आणि लायपोप्रोटीन-ए, म्हणजे एलडीएलसारखाच, पण वंशानं येणारा कण. माझा धाकटा भाऊ ४७व्या वर्षी गेला. त्याच्या एलडीएलचा आकडा बघून ‘छान आहे रे’ असं मीच त्याला म्हणाले होते. तो गेल्यावर मी माझं स्वतःचं लायपोप्रोटीन-ए तपासलं : ७४. ५० मिलिग्रॅमच्या वर ते जास्त समजतात. त्याचं कधी तपासलंच नव्हतं. तेव्हापासून घरात कमी वयात कुणी गेलं असेल, तर त्या घरातल्या प्रत्येकाला मी ही तपासणी करायला सांगते.

नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ साली हा कण शोधला. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे आईवडिलांकडून येतं आणि लहानपणीच ठरून जातं. आयुष्यात एकदा तपासलं तरी बहुतेकांना पुरतं, उपाशी राहावं लागत नाही. पथ्यानं, चालण्यानं ते उतरत नाही, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनंही नाही. त्यामुळे ‘माझं काय चुकलं’ हा विचार सोडा. तुमचं काही चुकलेलं नाही, बहुधा तुमच्या वडिलांचंही नाही.

मात्र हा आकडा हलत नाही म्हणूनच हलणारे आकडे जोरात हलवायचे. स्टॅटिननं बैलगाड्या कमी होतात. ती गोळी सुरू करण्याबद्दल तुमच्या डॉक्टरांशी याच आठवड्यात बोला. ट्रायग्लिसराइड आणि साखरेसाठी ताटातला भात कमी करा, चहातली साखर आणि उपासाचा साबुदाणा बंद, रोज अर्धा-पाऊण तास झपाझप चालणं. पत्रात रक्तदाब कुठेच लिहिलेला नाही. तो आकडा मला या सगळ्या महागड्या तपासण्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. कंबरही मोजा.

आणखी एक. कधी छातीत दाब आला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर हा रिपोर्ट काढून बघत बसू नका. हे आकडे पुढच्या वर्षांचे आहेत, त्या घडीचे नाहीत. तेव्हा लागतो तो ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन), तेही हॉस्पिटलात. वडिलांसारखं शेतात एकट्यानं थांबायचं नाही.

तुमच्या भावंडांना आणि मुलीला हे लायपोप्रोटीन-ए मिळालं असण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. भावंडांनी आत्ताच तपासावं. मुलीची घाई नाही. तिची बोर्डाची परीक्षा होऊ द्या, मग सुट्टीत एकदा रक्त द्यायला घेऊन जा.